नानकटाईचं पीठ वळलंच जात नाहीये, नुसता भुगा होतोय

अबोली
नमस्कार मंडळी. रविवारपासून नानकटाईचे दोन घाणे झाले आणि दोन्ही वेळा तेच रडगाणं. आईच्या वहीतली कृती आहे. तूप १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, मैदा २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, बारीक रवा २ चमचे, वेलदोडा, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ. तूप-साखर फेसली, मैदा-बेसन चाळून घातलं आणि परातीत ओल्या वाळूसारखं काहीतरी तयार झालं. मुठीत दाबलं की गोळा होतो, तळहातावर वळायला घेतला की मधोमध दुभंगतो. कसेबसे वीस पेढे थापले आणि ओव्हनमध्ये १८० वर १५ मिनिटं ठेवले. दोन-तीन आतच फुटले, बाकीचे ताटलीत काढताना.

चव मात्र आईच्या हातची. अगदी तीच. म्हणून सोडवत नाहीये. पुढच्या शनिवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. काय करू विचारलं तर "तिची नानकटाई कर" एवढंच म्हणाले. आईला जाऊन चार वर्षं झाली. वही आहे, विचारायला ती नाही.

दूध घालू का? की तूप वाढवू? की चूक भलतीकडेच आहे?

रानजाई
दूध घाल गं. एकेक चमचा, घरातल्या तापमानाचं, फ्रिजमधलं थंडगार नको. दोन चमच्यांत पीठ गोळा होतं. मी दर दिवाळीला करते.

खुसखुशीत
दूध अजिबात नको! दुधातलं पाणी मैद्याला लागलं आणि वर हात फिरला की मैदा चिवट होतो. मग ती नानकटाई राहत नाही, कटकन मोडणारं बिस्कीट होतं. जिभेवर ठेवल्यावर विरघळली पाहिजे ती. तूपच वाढव, तेही चमच्या-चमच्याने.

रानजाई
@खुसखुशीत, दोन चमचे दुधाने काही चिवट होत नाही हो. दूध घातल्यावर पीठ मळत बसलं तर होतं. नुसतं बोटांनी एकत्र करायचं. आणि तूप वाढवत गेलं की ओव्हनमध्ये पसरून पापड होतात, तेही बघितलंय मी.

डबेवाली
भुगा माझ्या पत्त्यावर पाठव अबोली, चमच्याने खाईन. काकांना आधीच शुभेच्छा!

हडसनकाठ
न्यूजर्सीहून लिहितेय. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, कारण वेगळं होतं, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सांगते. मी लोण्याची, म्हणजे इथल्या बटरची, एक कृती घेतली आणि बटरऐवजी तेवढंच साजूक तूप घातलं. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो आणि बाकीचं बहुतेक पाणीच. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरच्या कृतीत ते पाणी पीठ बांधायचं काम करतं. तूप घेतलं की तो बांधणारा गडीच गैरहजर. त्यामुळे कृती तुपाची आहे की बटरची, हे आधी बघायचं.

तुझी तर तुपाचीच दिसतेय. मग तुझ्याकडे चूक दुसरी आहे.

अबोली
हो, तुपाचीच. घरचं साजूक तूप. आई पूर्वी डालडा वापरायची, नंतर साजूक वापरायला लागली, पण प्रमाण तेच.

ऊनसावली_नागपूर
तूप कसं होतं? घट्ट, रवाळ की पातळ? आमच्याकडे मे महिन्यात तूप पाण्यासारखं असतं. पातळ तुपात साखर फेसली जातच नाही, नुसती बुडते. मी तूप वाटीत काढून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. बोट दाबलं की खड्डा पडावा, इतपत घट्ट झालं की घेते. थंडीत उलटं. दगडासारखं तूप आधी बाहेर काढून नरम होऊ द्यायचं.

अबोली
रवाळ होतं, घट्ट. फेसलं म्हणजे, खरं सांगायचं तर चमच्याने दोनेक मिनिटं कालवलं. पांढरं झालं नव्हतं. हं.

भट्टीवाला
हा धागा पाहून राहवलं नाही. आमची तीन पिढ्यांची बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. माझं वय आता एकोणसत्तर. जरा लांबण लागेल.

ऐंशीच्या दशकापर्यंत दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावातल्या बायका सामान घेऊन आमच्याकडे यायच्या. मैद्याची पिशवी, साखर, डालड्याचा डबा, वेलदोड्याची पुडी. आम्ही किलोवर मजुरी घ्यायचो. सकाळी पाव निघाले की भट्टीची आच उतरायला लागते. पावाला जोरदार आच लागते, नानकटाईला ती उतरती आच लागते. वरून रंग न चढता आतपर्यंत सुकली पाहिजे. म्हणून नानकटाईचे पत्रे दुपारी आत जायचे. पोरं डबे घेऊन दारात बसलेली असायची. आपले डबे ओळखू यावेत म्हणून कुणी झाकणाला लाल दोरा बांधायचं, कुणी खडूने नाव लिहायचं.

आता पिठाचं. आमचे वडील मोठ्या परातीत तूप घ्यायचे आणि तळहाताच्या टाचेने ते घासायचे. साखर घालून पुन्हा घासायचे. हात थांबवायचे नाहीत. पिवळं तूप पांढरं पडायचं, हलकं व्हायचं. मग एका वाटीत पाणी घेऊन त्यात त्या मिश्रणाचा थेंब टाकायचे. तरंगला तर मैदा आणा म्हणायचे, बुडाला तर पुन्हा परात.

अबोलीताई, दोन मिनिटं चमच्याने कालवणं याला फेसणं म्हणत नाहीत. हाताने दहा-बारा मिनिटं, मशीनने चार-पाच. फेसलेल्या तुपाचा लेप मैद्याच्या कणाकणाला सारखा बसतो. नाहीतर तूप एकीकडे आणि कोरडा मैदा एकीकडे राहतो, आणि तुम्हाला वाटतं तूप कमी पडलं.

खुसखुशीत
काका, तूप तर पाण्यावर तसंही तरंगतं ना? न फेसलेलंसुद्धा?

भट्टीवाला
नुसतं तूप तरंगतं. साखर मिसळली की ते जड होऊन बुडतं. फेसून त्यात हवा भरली की पुन्हा वर येतं. म्हणून थेंब साखर घातल्यानंतरच टाकायचा. चांगला प्रश्न विचारलात.

डबेवाली
इतकी वर्षं आजी थेंब टाकायची, कारण आज कळलं.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्या बोलिन्हांचंही, म्हणजे रव्या-खोबऱ्याच्या बिस्किटांचंही, असंच असतं. रवा, ओलं खोबरं, साखर, अंड्याचा बलक, थोडं तूप. मिश्रण केल्या-केल्या वळायला गेलं तर भसभशीत, हाताला काही लागत नाही. म्हणून रात्रभर झाकून ठेवतात. रवा ओल शोषून घेतो, फुगतो, आणि सकाळी तेच पीठ शहाण्यासारखं गोळा होतं. मग छोटे गोळे करून सुरीने किंवा काट्याने वर आडव्या-उभ्या रेघा मारतात.

अबोलीच्या पिठात रवा आहे, बेसनही आहे. दोघांनाही वेळ लागतो. तू पीठ झाल्यावर किती वेळ ठेवलंस?

अबोली
लगेच वळायला घेतलं.

मांडवीकाठ
अर्धा तास झाकून ठेव आणि मग बघ. दूध की तूप हे त्यानंतर ठरव.

इतिहासप्रेमी_ठाणे
थोडं विषयांतर. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी किंवा पाव. नानकटाई सुरतेची म्हणतात. तिथे डचांची बेकरी होती, ती पारशी माणसाकडे आली आणि पुढे पाव खपेनासे झाल्यावर सुक्या बिस्किटांकडे वळताना नानकटाई जन्मली, अशी कथा सुरतेत सांगतात. महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली तेव्हा इंग्रज आणि डच दोघांच्या वखारी तिथे होत्या, हे तर आपण शाळेत वाचलेलंच आहे.

रानजाई
छान माहिती. पण शनिवार जवळ येतोय, अबोलीच्या पिठाकडे वळू या.

वसतिगृहवासी
मध्येच विचारते, सॉरी. ओव्हन नसेल तर होते का? आमच्याकडे एक शेगडी आणि एक जाड कढई आहे.

ऊनसावली_नागपूर
होते की. कढईत बोटभर जाडं मीठ पसर, त्यावर स्टँड किंवा उलटी वाटी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव. मग तूप लावलेल्या ताटलीत नानकटाया ठेवून ती ताटली आत, झाकण घट्ट, गॅस अगदी बारीक. वीस ते पंचवीस मिनिटं. पंधरा मिनिटांच्या आत झाकण उघडू नकोस. वरून पांढऱ्याच राहतील, खालून बदामी झाल्या की झाल्या. ते मीठ नंतर याच कामाला ठेवून दे, स्वयंपाकात वापरू नकोस.

वसतिगृहवासी
थँक्यू थँक्यू!

पिठाची_गिरणी
वळण्याबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. भुसभुशीत पीठ पेढ्यासारखं दोन तळहातांमध्ये गोल फिरवायचंच नाही सुरुवातीला. आधी मुटका. मुठीत घेऊन घट्ट दाबायचं, मूठ उघडून गोळा जरा फिरवून पुन्हा दाबायचं, असं चार-पाच वेळा. हाताच्या उबेने तूप नरम होतं आणि गोळा आतून एकजीव होतो. त्यानंतरच तळहातांमध्ये हलके दोन फेरे. मग चपटा करताना वरून अंगठा दाबायचा नाही, कडा फाटतात. एका हाताची दोन बोटं कडेला लावून ठेवायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने हळू दाबायचं. कडेला फट दिसली तर तिथल्या तिथे बोटाने मिटवायची. भाजताना ती फट वाढतच जाते.

आणि इतकं करूनही वळलं नाहीच, तर मापाचा गोल चमचा घ्यायचा. त्यात पीठ गच्च दाबून भरायचं, वरून सपाट करायचं आणि ट्रेवर उपडा करून टकटक करायचं. घुमटाच्या आकाराच्या सुंदर नानकटाया होतात. माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, त्या याच पद्धतीने करतात.

खुसखुशीत
पण वरच्या भेगा तर हव्यातच ना? भेगा नसलेली नानकटाई मला नानकटाई वाटतच नाही.

पिठाची_गिरणी
वरच्या हव्यात. फूल उमलल्यासारख्या. त्या फुगताना आपोआप पडतात. कडेच्या, वळतानाच राहिलेल्या, त्या नकोत.

भट्टीवाला
बरोबर बोलल्या. बेकरीत आम्ही अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटची पूड, वापरायचो, भाजताना त्याचा वायू होऊन उडून जातो आणि वर जाळी पडते. घरी सोडा किंवा बेकिंग पावडर पुरे. सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी लागते आणि रंग काळपट येतो.

ताई, १८० जास्त आहे. आधी ओव्हन तापवून घ्या, मग १६० वर १६ ते १८ मिनिटं, मधल्या कप्प्यात. आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. गरम नानकटाई नरमच असते, हातात घेतली की मोडणारच. गार होताना तूप आणि साखर घट्ट होतात, तेव्हा तिला बळ येतं. तुमच्या अर्ध्या तरी काढताना मोडल्या असणार.

अबोली
काका, तुम्ही समोर उभे राहून बघत होतात का? अगदी हेच झालं. लगेच उलथन्याने काढायला गेले.

नाचणीसत्त्व
नाचणीच्या पिठाची करताना माझा दर वेळी असाच भुगा होतो. त्यावर उपाय?

हडसनकाठ
नाचणीत ग्लुटेन नाही, म्हणून धरून ठेवायला कुणी नाही. अर्धी कणीक घाल. आणि दूध घातलंस तरी चालेल तिथे. @खुसखुशीत, इथे तरी हो म्हणा!

खुसखुशीत
नाचणीला हो. मैद्याला नाही ते नाहीच.

जुनी_वही
अबोली, एक विचारू? तू वर लिहिलंयस ती कृती वहीतून उतरवलीस की वाचून तुझ्या शब्दांत लिहिलीस? आमच्या आयांच्या वह्यांमध्ये एकेका शब्दाला अर्थ असतो. जसंच्या तसं लिही ना इथे.

अबोली
थांब, वही आणते.

हे घे. पान तेलकट झालंय पण अक्षर स्पष्ट आहे:

"तूप १ वा., पि. साखर १ वा. – खूप फेसणे. बेसन ½, रवा २ च., वे., मीठ, सोडा चिमूट. मैदा मावेल तसा (सा. २ वा.). झाकून ठेवणे. मंद."

जुनी_वही
मावेल तसा!

भट्टीवाला
लिहिलंय की सगळं माउलीने. खूप फेसणे, मावेल तसा, झाकून ठेवणे, मंद.

पिठाची_गिरणी
अंगावर काटा आला. 'सा. २ वा.' म्हणजे साधारण दोन. तू दोन्ही वाट्या एकदम ओतल्यास ना?

अबोली
एकदम. आणि वाटी शीग लावून भरली होती, हेही आता आठवतंय. मी तो शब्द वाचला होता. पण मला तो नुसता बोलायच्या ओघातला वाटला होता.

हडसनकाठ
घरी वजनकाटा असेल तर आत्ताच्या आत्ता कर. शीग लावलेल्या दोन वाट्या मैदा मोज आणि सपाट केलेल्या दोन मोज.

अबोली
मोजलं. वाटी १५० मिलीची आहे. शीग लावून दोन वाट्या: २३६ ग्रॅम. मैदा चाळून, हलक्या हाताने भरून, सुरीने सपाट करून दोन वाट्या: १६२ ग्रॅम.

डबेवाली
७४ ग्रॅमचा फरक!! जवळजवळ वाटीभर मैदा!

रानजाई
मग दूध-तुपाचा वादच मिटला. मैदाच जास्त होता. मी दर दिवाळीला दोन चमचे दूध घालते ते बहुतेक माझाही मैदा शीग लावूनच जात असणार म्हणून. यंदा सपाट वाटीने करून बघते.

मांडवीकाठ
आजच एक छोटा घाणा करून बघ अबोली, शनिवारपर्यंत थांबू नकोस. निम्म्या प्रमाणात.

अबोली
केला. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि घरभर वेलदोड्याचा वास आहे, त्यामुळे सविस्तरच लिहिते.

अर्ध्या वाटीचं प्रमाण घेतलं. तूप ६५ ग्रॅम, परातीत हातानेच फेसलं. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटत होतं, तळहात नुसता कचकच करत होता. सातव्या-आठव्या मिनिटाला रंग बदलायला लागला. हळदीच्या दुधासारखा पिवळा होता तो लोण्यासारखा पांढरा झाला आणि कचकच थांबली. थेंब टाकला. पहिला बुडाला. अजून तीन मिनिटं घासून दुसरा टाकला, तो तरंगला. मी एकटीच स्वयंपाकघरात "आला वर!" म्हणून ओरडले.

मग बेसन, रवा आणि बाकीचं घातलं, आणि मैदा मुठी-मुठीने. तिसऱ्या मुठीनंतर पीठ परातीची कड सोडून मधे जमायला लागलं. अजून अर्धी मूठ घातली तेव्हा बोटांना चिकटायचं थांबलं, तिथेच हात आवरला. उरलेला मैदा मोजून बघितला, त्यावरून पिठात ६८ ग्रॅम गेलाय. सपाट एका वाटीचे ८१ होतात, त्याहूनही कमी लागला. अर्धा तास झाकून ठेवलं. मुटके केले, कडेला दोन बोटं लावून चपटे केले, एकही फाटला नाही. दुधाचा थेंब नाही, तुपाचा वरचा चमचा नाही.

१६० वर १७ मिनिटं. अकरा झाल्या. दहा मिनिटं हात मागे बांधून उभी होते.

भट्टीवाला
शाबास. वरच्या भेगा?

अबोली
पडल्या काका. उमललेल्या.

पिठाची_गिरणी
शनिवारी दुप्पट करणार असशील तर पीठ दोनदा वेगवेगळं फेस. जास्त तूप एकदम हाताने फेसायला दमछाक होते आणि माणूस मधेच थांबतो. दुसरा ट्रे आत जाईपर्यंत वळलेल्या नानकटाया फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे पसरणार नाहीत. आणि गरम ट्रेवर नवा घाणा कधीच लावू नकोस.

नाचणीसत्त्व
आधीच्या दोन घाण्यांच्या भुग्याचं काय केलंस?

अबोली
डबाभर आहे अजून.

मांडवीकाठ
वाटीत तळाशी तो भुगा, वर श्रीखंड, वर पिस्ता. वाढदिवसाच्या जेवणाला वाढ.

अबोली (शनिवार, रात्री)
सगळ्यांना कळवायचं होतं. बेचाळीस झाल्या, डब्यात ठेवताना चार मोडल्या, बाकी सगळ्या अखंड. बाबांनी पहिली उचलली, उलटी करून खालचा रंग बघितला. आई तसंच बघायची. मग चहात बुडवली. म्हणाले, "मावलं का गं सगळं?" मला वाटलं डब्यात मावल्या का विचारतायत. ते मैद्याबद्दल विचारत होते. आई पीठ करायला बसली की ते शेजारी बसून मुठी-मुठीने मैदा घालायचे आणि ती "मावतोय, अजून घाला" म्हणायची. इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

भट्टीवाला
काकांना माझा नमस्कार सांगा.

जुनी_वही
त्या पानाचा फोटो काढून ठेव गं. आणि 'मंद'च्या पुढे १६० लिहून ठेव, तुझ्या अक्षरात.

खुसखुशीत
अबोली, बेसन भाजून घेतलंस की कच्चंच? मी उद्या करतेय.

अबोली
कच्चंच, चाळून. वहीत भाजायचं लिहिलेलं नाही.